मी गाळलेला प्रसंग: गन शोच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

बाई, नमस्कार.

सांगलीच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून बाई म्हणतोय. गन शोवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून सोडून द्यावी अशी ती नाही.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, मी जत्रेत फिरावं तसा फिरलो आणि शाळांमध्ये मेलेल्या मुलांबद्दल एक ओळही लिहिली नाही. अमेरिकेत भाजी घ्यावी तशी कोणीही बंदूक घेतो, हे मी झाकलं. खंडेनवमीची तुलना करून आपल्या सणाचा अपमान केला. २०१७ च्या फेब्रुवारीत, मी राहतो त्या ओक्लाहोमा राज्याच्या शेजारच्या कॅन्ससमध्ये, ओलेथ गावात, आपल्यातलाच एक इंजिनिअर 'माझ्या देशातून चालता हो' असं ओरडणाऱ्या माणसाच्या गोळीने मेला, तेही मी विसरलो. गन शो बंद केले की प्रश्न सुटला. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, 'घरी मुलीला काय सांगता?'

खंडेनवमीचं आधी. ते वाक्य मी मागे घेतो. लेखात एक म्हातारे गृहस्थ आहेत, विंचेस्टरची १८९४ च्या बनावटीची लिव्हरवाली रायफल फ्लॅनेलच्या फडक्याने पुसत बसलेले. आजोबा खंडेनवमीला कोयती-विळे आणि बंदूक पुसून पाटावर मांडायचे, ते मला तिथे आठवलं. आठवण खरी होती. पण मी ती सगळ्या शोला लावली, आणि त्याच रांगेत चार टेबलं पुढे एआर-१५ धर्तीच्या, लष्करी दिसणाऱ्या काळ्या रायफली ओळीने मांडलेल्या होत्या. पाटावरच्या अवजारांशी त्यांचं काही नातं नाही. इथे तुमचं बरोबर आहे.

'भाजी घ्यावी तशी' हे मात्र जसंच्या तसं मान्य करता येत नाही. त्यातला अर्धा भाग चूक आहे आणि उरलेला अर्धा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त खरा आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी गेलो तो शो लहान होता. आमच्या टल्सा शहरात वर्षातून दोनदा चार हजारांहून जास्त टेबलांचा अवाढव्य शो भरतो, तो हा नव्हे. हा शहरापासून पाऊण तासावरच्या एका गावातला, एरवी जनावरांचं प्रदर्शन भरतं त्या पत्र्याच्या शेडमधला, दीडेकशे टेबलांचा. दारात पोलीस. लोक घरून विकायला आणलेल्या बंदुकाही घेऊन येतात; त्या रिकाम्या आहेत ना ते तो पाहतो आणि बोल्टमधून प्लास्टिकची पट्टी ओवून आवळतो, म्हणजे आत काडतूस बसत नाही. आत निम्म्या टेबलांवर बंदुका नव्हत्याच. चाकू, चामड्याची म्यानं, काडतुसांचे खोके, नळी साफ करायचे गज आणि ब्रश, जुनी लष्करी पदकं, एका बाईंचे पिरोजाचे दागिने, वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या.

परवानाधारक विक्रेत्याच्या टेबलावर खरेदी कशी होते ते मी उभं राहून पाहिलं. आधी ४४७३ नंबरचा फॉर्म. त्यात विचारतात: गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, खटला चालू आहे का, घरातल्या माणसाला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलात का, अमली पदार्थ घेता का, कोर्टाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलंय का, नागरिक नसाल तर कुठल्या व्हिसावर आहात. ओक्लाहोमात २०१८ पासून औषध म्हणून गांजा घेता येतो, पण केंद्राच्या कायद्यात तो अजूनही बंदुकीच्या आड येतो. माझ्यासमोर एक तरुण त्याच प्रश्नावर थबकला आणि फॉर्म तसाच ठेवून निघून गेला. मग विक्रेता एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या यंत्रणेकडे नाव पाठवतो. ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं: द्या, थांबा किंवा देऊ नका. 'थांबा' आलं आणि कामकाजाचे तीन दिवस पुढे काहीच कळलं नाही, तर सहसा विक्रेता बंदूक देऊ शकतो. ही फट केवढी मोठी आहे ते तुम्हीच ठरवा. पण भाजी अशी मिळत नाही.

आता लेखात न आलेला प्रसंग सांगतो.

मी एच-१बी, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. अशा माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, पण माझ्याकडे तो नाही. म्हणून त्या दिवशी मी हात मागे बांधून फिरलो. एका टेबलावर आपल्या पश्चिम बंगालातल्या इशापूर कारखान्यातली २ए१ रायफल दिसली. कड्यावर आर. एफ. आय. ही अक्षरं आणि १९६६ हे साल. चीनबरोबरच्या युद्धानंतर, नाटोच्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी, जुन्या ली-एनफील्डच्या आराखड्यावर बनवलेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवरच्या शिपायांच्या हातात होती ती .३०३ याच घराण्यातली. तीसुद्धा मी हातात घेतली नाही; माझ्या सहकाऱ्याने ती फिरवून दाखवली. एवढं लेखात आलं होतं.

निघताना दाराजवळ साठीचे एक गृहस्थ उभे होते. खांद्यावर दुनळी, नळीत खोचलेली काडी आणि काडीला किमतीची चिठ्ठी. मी चिठ्ठी वाचतोय हे पाहून हसले. वडिलांची आहे, म्हणाले, तीनशे डॉलर, रोख. मग विचारलं, 'ओक्लाहोमातच राहता ना?' मी हो म्हटलं. ते म्हणाले, 'मग झालं.'

मग झालं, बाई. मला बंदूक द्यायला एवढंच पुरे होतं. ते धंदेवाईक विक्रेते नव्हते. स्वतःची बंदूक विकणाऱ्या खासगी माणसाला केंद्राच्या कायद्यानुसार ना फॉर्म भरून घ्यावा लागतो, ना एफबीआयला विचारावं लागतं. घेणाऱ्याला बंदी आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना विकली, तरच तो गुन्हेगार. माझा व्हिसा काही माझ्या कपाळावर लिहिलेला नव्हता. कोलोरॅडो, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क अशा राज्यांनी खासगी विक्रीलाही तपासणी सक्तीची केली आहे. ओक्लाहोमाने केलेली नाही. २०२२ मध्ये केंद्राने 'धंदा' या शब्दाची व्याख्या थोडी घट्ट केली, मुख्यतः नफ्यासाठी विकतो त्याला परवाना हवा अशी. वडिलांची एक दुनळी विकणारे गृहस्थ तिच्यात बसत नाहीत.

मी नको म्हटलं. दहा मिनिटांनी एका पोराने पैसे मोजले आणि दुनळी घेऊन तो पार्किंगकडे गेला. मी सहा फुटांवर उभा होतो. त्याचं नाव कोणी विचारलं नाही.

हे मी लिहिलं नाही, कारण मला भीती वाटली. व्हिसावरच्या माणसाने 'मला कोणीतरी बंदूक देऊ करत होतं' असं जाहीर लिहावं का, ही एक भीती. आणि मला तिथे नेणारा सहकारी अतिशय भला माणूस आहे. दर हिवाळ्यात हरणाचं मांस गरजूंच्या अन्नपेढीला देतो, माझे लेख यंत्राने भाषांतर करून वाचतो. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी रंगीबेरंगी टेबलांचं वर्णन केलं आणि दारातला प्रसंग गाळला. तुम्हाला लेख गुळमुळीत वाटला त्याचं कारण हे. परवा सहकाऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मी विकताना घेणाऱ्याला परवानाधारकाकडे नेतो आणि तपासणी करून घेतो. तसं सगळ्यांनी करावं. पण कायद्याने भाग पाडू नये.' शेवटच्या वाक्यावर आमचं पटलं नाही, आणि पटणारही नाही.

ते का पटत नाही, हे आजोबांच्या बंदुकीवरून सांगतो. कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. विधानसभेची निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. ती निवडणूक तेव्हा ऑक्टोबरात व्हायची, म्हणजे नेमकं भात कापणीला आलेलं असताना. आजोबा बंदूक गोणपाटात गुंडाळून ठाण्यात न्यायचे, पावती आणायचे आणि रात्री माचावर बसून पत्र्याचा डबा वाजवायचे. चिडायचे. पण बंदूक कुठे आहे आणि कोणाच्या नावावर आहे, हे सरकारला कायम ठाऊक असायचं. परवान्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालायला लावणारी आपली पद्धत चांगली आहे असं माझं म्हणणं नाही. तिच्यात वशिला चालतो हे आपण दोघंही जाणतो. पण ती पावती मला मोलाची वाटते.

इथे अमेरिकेत बंदूक आणि मालक यांची देशभराची नोंदवही ठेवायलाच १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. गुन्ह्यात बंदूक सापडली की वेस्ट व्हर्जिनियातलं मार्टिन्सबर्गचं, बंदुकांचा माग काढणारं सरकारी केंद्र आधी कारखान्याला विचारतं, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो दुकानदाराचं, आणि दुकानदार कपाटातून जुना ४४७३ काढून पहिल्या गिऱ्हाईकाचं नाव सांगतो. तिथे माग संपतो. पहिल्या गिऱ्हाईकाने दारात उभं राहून ती कोणाला विकली, हे कुठल्याच कागदावर नसतं.

हे किती महागात पडतं ते तुमच्यासारख्या शिक्षिकेला सांगायला नको. २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. तिथल्या चार बंदुकांपैकी तीन हल्ला करणाऱ्या पोरांच्या अठरा वर्षांच्या मैत्रिणीने गन शोमध्ये घेऊन दिल्या होत्या, परवानाधारकांना टाळून, मुद्दाम खासगी विक्रेत्यांकडून. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या मतदारांनी सुमारे ७० टक्के मतांनी गन शोमधल्या सगळ्या विक्रीला तपासणी लागू केली. ही एक ओळ माझ्या लेखात असायला हवी होती.

पण गन शो बंद केले की प्रश्न सुटला, असं तुम्ही म्हणता तिथे थांबा. २०१६ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांची सरकारी पाहणी झाली. गुन्ह्याच्या वेळी बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ती गन शोमधून मिळवलेले एक टक्काही नव्हते. चाळीस टक्क्यांहून जास्त जणांनी ती रस्त्यावरच्या चोरट्या बाजारातून घेतली होती. चोरट्या बाजारात ती कशी पोचली, याचं उत्तर मात्र दारातल्या दुनळीसारख्या विनाकागद विक्रीतही आहे.

आणि कागद सगळे बरोबर असूनही काय होतं, ते आमच्या टल्साने पाहिलं. १ जून २०२२ ला एका माणसाने रुग्णालयाच्या आवारात शिरून दोन डॉक्टर, एक स्वागतिका आणि रुग्ण पत्नीसोबत आलेले एक गृहस्थ अशा चौघांना मारलं आणि स्वतःवर गोळी झाडली. दुखऱ्या पाठीच्या शस्त्रक्रियेचा राग. त्याने पिस्तूल तीन दिवस आधी घेतलं होतं, रायफल त्याच दुपारी, दोन्ही कायदेशीर. त्या आवारासमोरून मी रोज कामावर जातो. दुकानात घेतलेली वस्तू हातात पडायला तीन दिवस लागले असते तर काय झालं असतं, हा विचार तिथून जाताना अजूनही येतो. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. त्यांतल्या बहुतेकांना दाराबाहेरच्या दुनळीची गरज नव्हती, बंदूक घरातच होती. बातमीत येतात ती शाळेतली मुलं. शेतावरच्या घरात एकटा गेलेला पन्नाशीचा माणूस येत नाही. इथे राहून मला ही बाजू जास्त बोचते.

ओलेथ मी विसरलेलो नाही. ते गाव इथून चारेक तासांवर आहे. त्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या सभेला चाळीसच्या जागी नऊ जण आले. एकाने सरळ विचारलं होतं की आता आपणही घ्यायची का. कोणाला उत्तर देता आलं नाही. मी शोला गेलो त्यामागे तोही प्रश्न होता. ज्या वस्तूची आपल्याला भीती वाटते ती कोण विकतं, कोण घेतं, घेताना काय बोलतात, हे डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून जाण्याबद्दल मी माफी मागत नाही. पाहिलेलं अर्धंच लिहिलं, याबद्दल मागतो. मूळ लेखातलं खंडेनवमीचं वाक्य काढलं आहे आणि दारातला प्रसंग आज त्यात घातला आहे.

राहिला मुलीचा प्रश्न. ती चौथीत आहे. शाळेत त्यांची कवायत होते: दिवे बंद, दार बंद, भिंतीला टेकून गप्प बसायचं. आम्ही शाळेत आगीची कवायत केली तशी ती हे करते, आणि घरी येऊन भूक लागली म्हणते. तिला मी शोमधलं सगळं सांगितलं, दुनळीसकट. तिने विचारलं, त्या मुलाचं नाव काय होतं? मी सांगितलं, माहीत नाही, कोणी विचारलं नाही. मग विचारलं, पणजोबांची बंदूक आता कुठे आहे? ते गेल्यावर ती पुन्हा ठाण्यात जमा झाली, परवाना पुढे कोणी करून घेतला नाही. तिची पावती बाबांच्या कपाटात आहे. मुलीला ती पावती बघायची होती, म्हणून काल बाबांनी फोनवर फोटो पाठवला. नंबर, तारीख, सही, सगळं वाचता येतं.