बाटलीभर पाण्यातून माशांची शिरगणती होत नाही

"समुद्राचं लिटरभर पाणी गाळा; त्यातल्या डीएनएवरून तिथे कोणते मासे आहेत आणि किती आहेत, सगळं कळतं. आता सर्वेक्षणासाठी जहाजं नकोत, जाळी नको." हा मजकूर सगळीकडे फिरतोय. पर्यावरणीय डीएनएची, म्हणजे पाण्यात सांडलेल्या डीएनएवरून जीव ओळखण्याची, पद्धत मला मोलाची वाटते, म्हणूनच तिच्या नावावर हे खपवलेलं बघवत नाही.

मासा पोहता पोहता अंगावरचा बुळबुळीत थर, कातडीच्या पेशी, विष्ठा पाण्यात सोडतो. त्या डीएनएवरून जात ओळखता येते, एवढं खरं.

पण लिटरभर? जपानच्या माइझुरू उपसागरातल्या अभ्यासात, जो 2017 मध्ये छापून आला, सुमारे 11 चौरस किलोमीटर पाण्यासाठी 47 ठिकाणांहून नमुने घ्यावे लागले. सहा तासांच्या त्या कामातून 128 जाती मिळाल्या, आणि 14 वर्षं बुड्या मारून मासे मोजणाऱ्यांना न दिसलेल्या निदान 23 स्थानिक जातीही त्यांत होत्या. पद्धतीचं बळ ते हेच. पण तो उपसागर होता. भर समुद्रात मासे विरळ, डीएनए त्याहून विरळ, आणि वरच्या पाण्यात असतं ते 500 मीटर खोलीवर असेलच असं नाही. हव्या त्या खोलीवर तोंड मिटणाऱ्या बाटल्या दोरखंडाने खाली सोडायच्या तर जहाज लागतंच.

"कोणते मासे" हेही दिसतं तितकं सरळ नाही. मासे ओळखायला सर्रास वापरला जाणारा डीएनएचा तुकडा जेमतेम 170 अक्षरांचा. कुप्याच्या (टुनाच्या) भाऊबंदांत, म्हणजे यलोफिन, बिगआय, ब्लूफिन यांच्यात, तो जवळपास सारखाच असतो, त्यामुळे उत्तर "कुप्यांपैकी कोणीतरी" एवढंच येतं. ज्या जातीचा डीएनए आधी कोणी वाचून नोंदवलेलाच नाही, तिला नाव कुठून देणार? ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात, टाक्यांत कोणते मासे आहेत हे माहीत असतानाही, 180 पैकी 168 जाती सापडल्या. निकाल उत्तमच, पण 12 निसटल्या.

"तिथे आहेत" या शब्दांवर मी अडतो. डीएनए प्रवाहाबरोबर वाहतो, काही दिवस टिकतो आणि मासा जिवंत होता की नाही हे सांगत नाही. माइझुरूतच जॅक मॅकरेल या माशाचा डीएनए मासळीबाजाराजवळच्या पाण्यात जास्त आढळला. जहाजावरच्या जेवणातला बांगडासुद्धा हातमोज्यावरून नमुन्यात येऊ शकतो. म्हणून प्रत्येक खेपेला एक बाटली शुद्ध पाण्याची ठेवतात आणि तीही त्याच गाळणीतून, त्याच हातांनी गाळतात. त्या कोऱ्या बाटलीत बांगडा निघाला, तर समुद्रातल्या बांगड्याची नोंदही संशयात जाते.

आता "किती". इथे हा दावा सर्वांत जास्त घसरतो. एक मोठा मासा आणि शंभर पिल्लं सारखाच डीएनए सोडू शकतात. अंडी घालण्याच्या दिवसांत तो एकदम वाढतो. गरम पाण्यात लवकर नासतो. शिवाय प्रयोगशाळेत वाचण्याआधी डीएनएच्या प्रती काढतात, आणि त्यात काही जातींचा डीएनए जास्त वाढतो, काहींचा मागे पडतो. आणि मासेमारीची मर्यादा ठरवायला नुसता आकडा पुरत नाही, वयही लागतं. ते कळतं माशाच्या डोक्यातल्या कानाच्या खड्यावरून: तो कापून भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. मादीच्या पोटात गाभोळी किती भरली आहे, हेही मासा हातात आल्याशिवाय कळत नाही.

उरलं "जाळी नको". नैऋत्य ग्रीनलंडच्या खोल पाण्यातला 2016 चा अभ्यास यासाठी हमखास पुढे केला जातो. जाळ्यात माशांची 28 कुळं आली आणि त्यांतली 26 डीएनएतही सापडली. ही कुळं आहेत, जाती नव्हेत; एका कुळात अनेक जाती असू शकतात. डीएनएच्या नोंदींचं प्रमाण जाळ्यातल्या वजनाशी आणि संख्येशी बऱ्यापैकी जुळलं, हेही मान्य. पण ते जुळतं हे जाळं ओढलं म्हणूनच कळलं. ग्रीनलंड शार्क मात्र जाळ्यात एकच आला आणि पाण्यात त्याचा डीएनए भरपूर निघाला. एवढं मोठं जनावर जाळ्यात पुरेसं येत नसावं, हा अंदाज तिथल्या संशोधकांना बांधता आला तो दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर.