तुमचं तुम्ही बघा

फ्रान्समधल्या लियों शहराच्या क्रुआ-रूस टेकडीवर, नाणी टाकून आपले कपडे आपणच धुवायच्या एका दुकानात, मशीननं माझे पैसे गिळले, कपडे भिजवले आणि दार लावून गप्प बसलं. भिंतीवरच्या नंबरला फोन केला. पलीकडचा इसम म्हणाला, "देब्रुये-वू, मादाम," आणि फोन ठेवला. म्हणजे, तुमचं तुम्ही बघा. त्यातलं 'वू' आदरार्थी. इतक्या अदबीनं मला आजवर कुणी वाऱ्यावर सोडलं नव्हतं.

बाकावर एक आजोबा आपल्या चादरींची वाट बघत बसले होते. ते उठले. वाटलं, आता दाराला हात लावतील. त्यांनी चष्मा लावला.

"स देब्रुये! काय सुंदर क्रियापद आहे!"

'ब्रुये' म्हणजे कालवणं, गुंता करणं. अंडी कालवून शिजवली की 'अ ब्रुये', म्हणजे यांची गुळगुळीत, मिरची नसलेली भुर्जी. (ती भुर्जी नव्हेच, पण वाद कोण घालणार.) 'देब्रुये' म्हणजे गुंता सोडवणं, आणि आधी 'स' लागला की स्वतःच स्वतःला त्यातून सोडवणं. आज्ञा करताना मात्र सर्वनाम मागून येतं, आडव्या रेघेनं जोडलेलं. भूतकाळात मदतीला 'आव्वार' हे क्रियापद चालत नाही, 'एत्र'च हवं. "आणि मादाम, तुम्ही स्त्री, म्हणून लिहिताना शेवटी एक जादा अक्षर. उच्चार तोच!" म्हणजे माझी सुटका झालीच, तर ती फक्त कागदावर दिसणार.

जुगाडालाही इथे 'सिस्तेम दे' म्हणतात. त्यातला 'दे', म्हणजे D हे अक्षर, याच घराण्यातला. मग आजोबा रेशीम विणकरांवर घसरले. याच टेकडीवरच्या विणकरांनी 1831 साली मजुरीच्या दरासाठी बंड केलं होतं. माझ्या बाजूनं बंडाला फक्त ओले टॉवेल होते, तेही कुलपात.

याच आजोबांनी त्या फोनवाल्याला आपल्या घोटीव फ्रेंचमध्ये दोन शब्द सुनावले असते, तर काय बिघडलं असतं? पण आमचा उच्चार कानावर पडला की यांच्यातला शेजारी झोपतो आणि मास्तर जागा होतो. वर शाबासकी: "फ्रेंचमध्ये तुम्ही छान देब्रुये करता हं!" म्हणजे, चालवून घेता. इतकी वर्षं इथे कर भरतेय, भांडतेय, डॉक्टरला दुखणी सांगतेय, आणि अजून चालवूनच घेतेय!

तेवढ्यात त्यांच्या चादरी झाल्या. दुकानात चालू असलेला ड्रायर एकच होता. त्यात त्यांनी चादरी कोंबल्या, चाळीस मिनिटांची नाणी टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

"आता," ते म्हणाले, "'स प्लँद्र'. तक्रार करणे."