साइड लोअर

गेल्या जानेवारीत डेन्वरहून सॉल्ट लेक सिटीला जाताना वायोमिंगमध्ये, लॅरमी आणि रॉलिन्सच्या मधे, आय-८०वर बर्फात आम्ही चार तास अडकलो. मोबाइलला रेंज शून्य. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर मात्र खुशाल सँडविच खात बसलेला. पुढे दोन ट्रक आडवे झालेत आणि पाचशिवाय रस्ता सुटत नाही, हे त्याला सीबी रेडिओवरून, म्हणजे गाडीत बसवायच्या वॉकीटॉकीसारख्या सेटवरून, केव्हाच कळलं होतं. आमच्या चकल्या संपल्या आणि मी ठरवलं, आपल्याही गाडीत सीबी हवा.

'घ्यायचा तर चांगलाच' हा आमच्या घराण्याचा जुना रोग. याच रोगापायी वडिलांनी रंगीत टीव्ही निवडता निवडता ८२चं एशियाड शेजाऱ्यांकडे पाहिलं.

ट्रक स्टॉपवरच्या रेडिओच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या आजोबांनी विचारलं, "साधा एएम की साइडबँड? साइडबँडमध्ये अप्पर, लोअर दोन्ही मिळतं." साइड, अप्पर, लोअर! वीस वर्षं महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूर-मुंबई केलेला माणूस मी. "लोअरच द्या, गुडघे दुखतात" हे अगदी ओठांवर आलं होतं.

मग त्यांनी शिकवणी घेतली. एएममध्ये बोलणं वाहून नेणारी एक लहर असते. तिला स्वतःला काहीच सांगायचं नसतं, पण बहुतेक वीज तीच खाते. तिच्या दोन बाजूंना दोन साइडबँड, आणि दोघं तेच ते बोलतात. मला डोळ्यांसमोर वरातीतला घोडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या आत्या दिसल्या. साइडबँडवाले काय करतात, तर घोडा आणि एक आत्या घरी ठेवतात आणि सगळी ताकद उरलेल्या आत्याला देतात. कायद्याने एएमला ४ वॅट, साइडबँडला शिखरावर १२. चॅनेल १९७७पासून ४०च. पण एएम, अप्पर, लोअर मोजून खोक्यावर १२० छापायची रीत आहे. आपल्याकडचे बिल्डर सुपर बिल्ट-अप लावतात तसं.

कोब्रा, युनिडेन या कंपन्यांचे सेट बघून झाले. प्रेसिडेंट कंपनीच्या सेटना तर राष्ट्राध्यक्षांचीच नावं. मॅकिन्ली बिनलायसन्स चालतो, लिंकनवर बोलायला मात्र हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, परीक्षा द्यावी लागते. रेडिओ घ्यायला आलोय की मतदानाला, कळेना. "दिव्यांना भुलू नकोस," आजोबा म्हणाले, "क्लॅरिफायरचं, म्हणजे सूर बारीक जुळवायचं, बटण फिरवून बघ. हलका सेट तापला की सरकतो, मग दर पाच मिनिटांनी त्याचा कान पिळत बस." दोन तास मी चार सेटचे कान पिळले. एक घेतला. पैसे देताना ते शांतपणे म्हणाले, "खरं तर रेडिओ कुठलाही चालतो. सगळा खेळ अँटेनाचा."

अँटेना १०२ इंचांची, खाली ६ इंचांची स्प्रिंग. म्हणजे नऊ फुटांची काठी, तीही गाडीच्या मागच्या बंपरच्या वर. बायको दारात येऊन म्हणाली, "गुढी उभारलीस होय? गाठी आणि कडुलिंब आणू?" गॅरेजचं दार सात फुटांचं. एकदा नेऊन पाहिली. जी काही 'टण्ण' वाजली, त्यावर समोरच्या घरातले दिवे लागले. तेव्हापासून गाडी बाहेर बर्फात आणि गॅरेजमध्ये नुसती रिकामी खोकी.

एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद सेटकडे परत येते याचं माप, दीडच्या आत हवा, मीटर तीनवर. असं बोललास तर सेट जळेल, आजोबा फोनवर ओरडले. केबल बदलली, काठी कमी-जास्त केली, तीन रविवार गेले. ब्रॅकेटखालचा गाडीचा रंग मी जिवापाड जपला होता, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. रंग खरवडून पत्र्याला पत्रा टेकवला, काटा १.४वर.

एवढं करून कळलं, ट्रकवाले सगळे १९ नंबरवर, साध्या एएमवर. साइडबँडवाले ३८ लोअरला जमतात म्हणे. तिथे महिनाभर मला फक्त खरखर भेटली.

मग एका दुपारी कुणीतरी बोललं. सूर्यावरचे डाग वाढले की या लहरी आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून हजार मैलांवर उतरतात, तशातला आवाज. पण आवाज बदकाचा. मी एरियल, व्हॉल्यूम, देव, सगळं आठवत होतो. बायकोने हात लांब करून क्लॅरिफायर जरासा फिरवला आणि बदकाचा जॉर्जियातला एक गृहस्थ झाला.

"रेडिओ कुठला?" त्याने विचारलं. सांगितला. "अँटेना?" तीही सांगितली. जरा वेळ नुसतीच खरखर. मग म्हणाला, "एक विचारू? ही गॅरेजमध्ये जाते कशी?"

मी माइक बायकोकडे दिला.