‘आय७ घ्या, बाकी कुठलंही चालतं’ : डिझाइनच्या कॉम्प्युटरबद्दलच्या मेसेजला उत्तर

कापसाचे पैसे हाती आले की आपल्या जळगाव-धुळ्याकडे घरातल्या पोरापोरींना ‘डिझाइनिंगचा कॉम्प्युटर’ घेऊन द्यायचा विषय निघतो. त्याच सुमारास एक मेसेज ग्रुपांवर फिरू लागतो. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात : प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू) इंटेल कंपनीचा आय७च घ्या, पिढी, म्हणजे तो कुठल्या सालच्या मालिकेतला आहे, ते बघू नका. ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड नसेल तर डिझाइन होतच नाही. रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) ८ जीबी पुरते. मॉनिटर कुठलाही चालतो. आणि कॅबिनेटसोबत एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) येतोच, त्याचे वेगळे पैसे घालू नका. फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि मसाल्याची पाकिटं करून पोट भरणाऱ्या माणसानं हे वाचून गप्प बसणं मला बरोबर वाटत नाही. हा पैसा वर्षभराच्या कष्टाचा असतो.

‘आय७च घ्या, पिढी बघू नका.’ बघायची असते ती पिढीच. आय७-२६०० हा प्रोसेसर २०११ सालचा, ४ कोअर (काम करणारे भाग) आणि ८ थ्रेडचा (एकाच वेळी चालणारी कामं). २०२२ सालचा आय३-१२१०० सुद्धा ४ कोअर आणि ८ थ्रेडचाच, पण एकेका कोअरच्या कामात तो जुन्या आय७ला खूप मागे टाकतो. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं बरंचसं काम एकेका कोअरच्या वेगावरच चालतं. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसातून निघालेली जुनी मशीन ‘आय७’चं स्टिकर दाखवून विकली जातात, तेव्हा स्टिकर सोडा आणि पूर्ण मॉडेल नंबर विचारा.

‘४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड हवंच.’ साध्या बजेटात ४ जीबी म्हणून बहुतेक वेळा गळ्यात पडतं ते जीटी ७३०. हे कार्ड २०१४ सालचं. त्याच्या डीडीआर३, ६४-बिट मॉडेलची मेमरी सेकंदाला सुमारे १४ जीबी माहिती हलवते. डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन पट्ट्या जोडीनं लावल्या की तोच आकडा ५१ जीबीवर जातो. प्रोसेसरच्या आतले ग्राफिक्स हीच रॅम वापरतात, म्हणजे रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स या वेगळ्या कार्डापेक्षा सरस ठरतात, आणि कार्डाचे पैसे वाचतात ते वेगळेच. फक्त इंटेल घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे का ते पाहा. आय५-१२४००एफ मध्ये आतले ग्राफिक्स नसतात, त्यामुळे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

चांगलं ग्राफिक्स कार्ड कुणाला लागतं, तेही सांगतो. घराचे थ्रीडी व्ह्यू लुमियनमध्ये करणारे, ब्लेंडरमध्ये रेंडर करणारे आणि डाव्हिंची रिझॉल्व्हवर लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे. त्यांनी बजेट वाढवावं, पण जीटी ७३० त्यांच्याही कामाचं नाही.

‘८ जीबी रॅम पुरते.’ इथे कागदावर हिशोबच मांडू. १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (एका इंचात ७२ ठिपके) केला तर फाइल ८६४० बाय ६९१२ पिक्सेलची, म्हणजे जवळपास ६ कोटी पिक्सेल. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर पूर्ण भरलेला एकच लेअर (चित्राचा एक थर) सुमारे २४० एमबीचा होतो. आता वाढदिवसाचा फ्लेक्स डोळ्यांपुढे आणा : मागे रंगीत पार्श्वभूमी, त्यावर प्रकाशाचे दोन-तीन थर, साहेबांचा कापलेला मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. त्यात फोटोशॉप मागे जाण्यासाठी जुन्या पायऱ्याही सांभाळून ठेवतं. विंडोज, ब्राउझर आणि शेजारी उघडं कोरल यांनी आपला वाटा घेतल्यावर ८ जीबीत उरतं काय? अडोबी स्वतः फोटोशॉपसाठी ८ जीबी ही किमान आणि १६ जीबी ही शिफारशीची रॅम सांगते.

रॅम भरली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत लिहायला लागतं, आणि तिथे हार्ड डिस्क असेल तर काम रखडतं. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी लिहिते, साटा एसएसडी ५०० च्या आसपास, एनव्हीएमई (जास्त वेगवान जातीची एसएसडी) त्याच्याही कितीतरी पुढे. म्हणून माझा आग्रह रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि ५०० जीबीच्या एनव्हीएमईचा आहे. त्यासाठी कॅबिनेटचे दिवे सोडावे लागले तरी सोडा. आणि फ्लेक्स ३०० डीपीआयला करायचा हट्टही नको. तीच फाइल ३६,००० बाय २८,८०० पिक्सेलची होते, तर पीएसडी (फोटोशॉपची नेहमीची फाइल) ३०,००० पिक्सेलच्या वर सेव्हच होत नाही. चौकातला फ्लेक्स लोक दुरूनच पाहतात.

‘मॉनिटर कुठलाही चालतो.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. जळगावच्या सराफाचं सोनं पितळी दिसलं, रावेरच्या केळीच्या बॉक्सवरचा पिवळा हिरवट उतरला, नंदुरबारच्या मिरचीचं पाकीट तपकिरी छापलं, तर गिऱ्हाईक प्रोसेसरचं नाव विचारत नाही, छपाईचे पैसे कापतं. स्वस्त पॅनलच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांचं एक माप) लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एसआरजीबीतले (पडद्यासाठीचा नेहमीचा रंगसंच) साधारण ६३ टक्केच रंग तो दाखवू शकतो. ‘७२ टक्के एनटीएससी’ किंवा ‘९९ टक्के एसआरजीबी’ असलेला आयपीएस (बाजूनं पाहिलं तरी रंग टिकवणाऱ्या पॅनलचा) मॉनिटर शोधा. जुन्या जातीचा टीएन पॅनल तर मान खाली-वर केली तरी रंग बदलतो. चांगल्या मॉनिटरवरही पडदा आणि छपाई हुबेहूब जुळत नाहीत, म्हणून मोठ्या कामाआधी छोटा तुकडा छापून पाहावाच लागतो. पण निदान पडद्यानं तरी फसवू नये. एकूण पैशातला चौथा हिस्सा मी मॉनिटरला देईन. पुढचा कॉम्प्युटर घेतला तरी तो वापरात राहतो.

‘एसएमपीएस फुकट येतो.’ फुकटच्या डब्यावर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं. त्याच लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर पाहा. तिथे १४ असतील तर १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला लागणारी ताकद मुख्यतः तिथूनच मिळते. वर आपला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात जातो, आणि आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) दर १० अंश वाढीला साधारण निम्म्या आयुष्यावर येतात, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. लाइट जाणं-येणं आणि व्होल्टेजचा खेळ तर रोजचाच. शॉर्ट सर्किट आणि जास्त व्होल्टेजपासून संरक्षण देणारा, काही वर्षांच्या वॉरंटीचा ब्रँडेड एसएमपीएस घ्या. ‘८० प्लस’ची खूण वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगते, म्हणून संरक्षणांची यादी वेगळी वाचा. घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. साधा ६०० व्हीए (ताकदीचं माप) यूपीएसही हवा, म्हणजे लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करायला उसंत मिळते.

बिलावर ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ असं लिहून घेऊ नका. प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सिरियल नंबर वेगळा लिहून मागा, कारण वॉरंटी ज्या त्या भागाच्या कंपनीची असते.