चौथी विनवणी

प्रार्थनेनं आपल्या समाजातले प्रश्न सुटतात का? माझं उत्तर हो असंच आहे, पण अट एक. प्रश्नाचं नाव घेऊन प्रार्थना केली तर सुटतात. मोघम प्रार्थनेनं फारसं काही हलत नाही.

कोल्हापुरात आपण कॅथोलिक मूठभर. कुणी आजरा-चंदगडकडून आलेलं, कुणी सावंतवाडी-गोव्याकडून, कुणी नोकरीसाठी केरळातून येऊन इथलंच झालेलं. चर्च म्हटलं की शहरात बहुतेकांना प्रोटेस्टंटांचं वायल्डर मेमोरियल आठवतं, आपण वेगळे हे अजूनही समजावून सांगावं लागतं. इतक्या छोट्या समाजात काही लपत नाही. कुणाचा मुलगा पितो, कोणत्या दोन भावांचा जमिनीवरून दावा चालू आहे, कोणत्या बाईच्या दारात फायनान्सवाले येऊन बसतात, सगळ्यांना सगळं माहीत असतं. एरवी तोंडावर बोलणारी आपण कोल्हापूरची माणसं, पण चर्चमध्ये यातलं एक अक्षर कुणी काढत नाही.

मिस्सेत, म्हणजे आपल्या रविवारच्या उपासनेत, प्रवचनानंतर विश्वासूंची प्रार्थना होते. शेकडो वर्षं मागे पडलेली ही प्रार्थना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 साली मुद्दाम परत आणली. तिचा क्रम ठरलेला आहे. आधी चर्चच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि जगाचं तारण, मग संकटात असलेले, आणि चौथी विनवणी स्थानिक समाजासाठी. म्हणजे आपल्यासाठी. आपल्या चर्चमध्ये ही चौथी विनवणी छापील कागदावरून वाचली जाते: ‘आमच्या सर्व कुटुंबांत प्रेम व ऐक्य नांदावे.’ सगळे म्हणतात, ‘प्रभो, आमची प्रार्थना ऐक.’ त्या वेळी दावा चालू असलेल्या भावांपैकी एकाचं कुटुंब डावीकडे पंख्याखाली बसलेलं असतं आणि दुसऱ्याचं उजवीकडे बाजूच्या दाराजवळ, म्हणजे बाहेर पडताना गाठ पडायला नको. शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की दोन्ही घरं हात जोडून वळतात, आपापल्या मागच्या बाकाकडे. हे बघून मला दर रविवारी त्रास होतो.

कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेल्यावर ‘फादर, मी पापी आहे’ एवढ्यावर कुणी सोडत नाही. गंभीर पाप असेल तर ते कोणतं आणि किती वेळा, हे सांगायचं, असा चर्चचा कायदाच आहे. एकट्याच्या पापाला एवढा नेमकेपणा लागतो, मग सगळ्यांच्या दुःखाला का नको? मार्कच्या शुभवर्तमानात आंधळा बार्तिमय येशूला हाका मारतो. तो आंधळा आहे हे समोर दिसतंय, तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? त्यानं ते स्वतःच्या तोंडानं सांगावं अशी अपेक्षा आहे.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात आपण कशी प्रार्थना केली ते आठवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला मोबाइलवर बघत होतो. 43 फूट ही धोक्याची खूण केव्हाच मागे पडली होती. त्या दिवसांत कुणी ‘जगात शांती नांदो’ म्हणत बसलं नाही. अमक्या गल्लीतली आजी वरच्या मजल्यावर अडकली आहे, तिची इन्सुलिन संपत आली आहे, असं थेट मागणं होतं. आमेन म्हणून होईपर्यंत दोन पोरं उठून चपला घालत होती.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरच्या रोझरीतली. त्या घरच्या आईला विचारूनच लिहिते आहे. ऑक्टोबरात मरियामातेची मूर्ती घराघरांत जाते, रोज संध्याकाळी एका घरी जपमाळ, मग चहा आणि खारी. पाच रहस्यं, म्हणजे जपमाळेचे दहा-दहा मण्यांचे पाच टप्पे, संपल्यावर नेहमीप्रमाणे विचारलं गेलं, काही खास हेतू? एरवी ‘आजारी लोकांसाठी’ असं कुणीतरी म्हणतं आणि उरकतं. त्या दिवशी ती बाई हातातली माळ न ठेवता म्हणाली, ‘माझा पोरगा दारू पितोय. कपाटातले पैसे नेतोय. त्याच्यासाठी प्रार्थना पाहिजे, आणि ती त्याच्यासमोर पाहिजे.’ पोरगा आतल्या खोलीत होता, सगळं ऐकत होता. तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला. कुणालाच काय बोलावं सुचेना. मग एका म्हाताऱ्या मावशींनी ‘नमो मारिये’ सुरू केलं आणि आम्ही आणखी दहा मणी ओढले.

चहाच्या वेळी एस.टी.तून रिटायर झालेले एक काका त्या मुलाजवळ जाऊन बसले. आम्ही त्यांना कायमचे निर्व्यसनी समजत होतो. ते म्हणाले, मी पण प्यायचो रे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला अजून जातो, गुरुवारी माझ्याबरोबर चल. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीत माणूस उठून आधी आपलं नाव सांगतो, मग आपण मद्यपी असल्याचं सांगतो. तिथंही सुरुवात नाव घेण्यापासूनच. मुलगा गेला, मध्ये पुन्हा घसरला, पुन्हा गेला. आज पीत नाही. पुढचं विचारलं तर तो ‘आजचा दिवस’ एवढंच म्हणतो.

कुणी म्हणेल, यात प्रार्थनेनं काय केलं, काम तर काकांनी केलं. मी त्या खोलीत होते. तीच गोष्ट त्या आईनं नुसत्या चहावर काढली असती, तर पाच मिनिटांत दहा सल्ले मिळाले असते, लग्न लावून दे इथपासून पुण्याला पाठव इथपर्यंत, आणि पोरगा मागच्या दारानं निघून गेला असता. दहा मणी होईपर्यंत कुणालाही सल्ला देता आला नाही. सगळ्यांना त्या दुःखापाशी गप्प बसावं लागलं. काकांना बोलायचं धैर्य त्या वेळात आलं, असं ते स्वतः सांगतात. मी याला देवाची कृपा म्हणते आणि ते म्हणायला मला संकोच वाटत नाही.

सगळ्याच गोष्टींना हे औषध नाही. चर्चच्या पैशांबद्दल कुजबुज असेल तर ‘प्रार्थना करा’ हे उत्तर होऊ शकत नाही. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक धर्मग्रामाला, अर्थसमिती असलीच पाहिजे असं स्पष्ट आहे, आणि लोकांनी दिलेल्या पैशांचा हिशोब लोकांना द्यायचा हेही आहे. हिशोब मागायला श्रद्धा आड येत नाही. तो सरळ मागावा.

नाव घ्यायचं म्हटलं की त्याची चर्चा होते, चारचौघांत अब्रू जाते, ही भीती मला मान्य आहे. म्हणून ज्याचं दुःख त्यालाच आधी विचारायचं, आणि माणसाचं नाव न घेता विषयाचं घ्यायचं. तो ‘नको’ म्हणाला तर विषय संपला. पण आपण विचारतच नाही.

येत्या ऑक्टोबरपासून चौथी विनवणी छापील कागदावरून न वाचता दर रविवारी एका घरानं स्वतःच्या हातानं लिहून आणावी, असं मी फादरांना सुचवलं. त्यांनी होकार दिला आहे. पहिली चिठ्ठी माझी. त्यात असं लिहिलंय: ‘आमच्यातल्या काही घरांवर बचत गटाच्या आणि फायनान्सच्या कर्जाचे हप्ते थकले आहेत आणि हे बोलायची आम्हाला लाज वाटते. ती लाज दूर कर.’ त्या बायकांना मी विचारलं आहे. मिस्सेनंतर हॉलमध्ये बँकेत नोकरी केलेले आपल्यातलेच दोघे जण बसणार आहेत. ज्यांना कागदपत्रं दाखवायची आहेत त्यांनी पासबुक आणि कर्जाचं कार्ड घेऊन या. आधी बोलायचं असेल तर मला मेसेज करा.