तोडणीच्या रानात जायचं की नाही?

परवा बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटापाशी आमच्या कट्ट्यावर जोरात जुंपली. निमित्त पिंट्याचं. जांबोटी रस्त्याकडच्या, लाकडासाठी केलेल्या अकेशियाच्या लागवडीत सायकली घेऊन गेलेल्या त्याच्या ग्रुपला वनखात्याच्या गार्डानं परत पाठवलं होतं.

"भीमगडात जाऊ नका म्हणाले तर समजू शकतो," पिंट्या तापला होता. "ते अभयारण्य आहे. ही तर माणसानं ओळीत लावलेली झाडं. सरकारी रान म्हणजे आपलंच की!"

अप्पा पूर्वी लाकूडतोडीच्या ठेकेदाराकडे मुकादम होते. ते म्हणाले, "लावलेलं आहे म्हणूनच जपायचं, मर्दा. लावलंय ते तोडायलाच."

मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. झाड बुंध्यातून कापलं तरी दर वेळी खाली येतंच असं नाही. दाट लागवडीत शेंडा शेजारच्या झाडात अडकतो आणि कापलेलं झाड तसंच तिरकं उभं राहतं. लांबून बघणाऱ्याला ते वाकडं वाढलेलं वाटतं. जोराचा वारा आला किंवा शेजारचं झाड हललं की ते कोसळतं. "बुंध्याशी ताजा भुसा दिसला की पुढं पाऊल टाकायचं नाही," अप्पा म्हणाले. "आणि रस्त्याकडेला रचलेल्या ओंडक्यांच्या थप्पीवर बसून फोटो काढणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. साल काढलेला ओला ओंडका गुळगुळीत असतो. खालचा एक सरकला की वरचे सगळे येतात."

"म्हणजे कुलूपच लावायचं?" पिंट्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली झाडी सोडली तर शहरातल्या माणसाला मोकळं चालायला जागा आहे कुठं? खानापूरच्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदी. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कर्नाटकातल्या कुमार पर्वतावर हजारोंची गर्दी उसळल्यावर ऑनलाइन नोंदणीची सोय नसलेले ट्रेकच राज्यानं थांबवले. काही झालं की आधी बंद करून मोकळं व्हायचं, ही सवयच पडली आहे.

मास्तरांनी तिकडचा दाखला दिला. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं लोकांना जबाबदारीनं वागण्याच्या अटीवर रानातून चालायचा, सायकल चालवायचा हक्क दिला. लाकडासाठी लावलेली जंगलंही त्यात आली. तोडणी चालू असेल तेव्हा तेवढा भाग बंद करतात आणि वळसा घालून जायची वाट दाखवतात. करवतीनं झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसऱ्या कुणी यायचं नाही, असा ब्रिटनमधल्या कामाचा दंडक. म्हणजे २० मीटरचं झाड असेल तर ४० मीटर. "उतारावर तेवढंही पुरत नाही," अप्पांनी लगेच भर घातली, "ओंडका घरंगळत कुठवर जाईल त्याचा नेम नाही."

पण आपल्याकडे राखीव वनात शिरायचं म्हणजे १९६३ चा कर्नाटक वन कायदा आडवा येतो, आणि लोकांचा असा सरसकट हक्क त्यात नाही. त्यामुळे सगळं गार्डाच्या मर्जीवर. ओळखीचा असला तर जा, नसला तर परत फिर. मला हेच सगळ्यात घातक वाटतं. बंदी रोजचीच असली की तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि ज्या दिवशी खरंच करवत चालू असते त्या दिवशीही माणूस कुंपणाच्या फटीतून आत शिरतो.

इतका वेळ चहा गाळत ऐकणाऱ्या मावशी तेव्हा बोलल्या. त्यांचं माहेर जांबोटीकडचं. "तुम्ही रविवारी जाता. आमच्या बायका रोज जातात, सरपणाला. तोडणी झाली की फांद्या पडलेल्या असतात, मग सगळ्या तिकडंच धावतात. त्यांना कोण सांगतं कुठं जाऊ नका म्हणून? बोर्ड लावतात ते कन्नडात नाहीतर इंग्लिशमध्ये."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. आम्ही तासभर सायकलीवर भांडत होतो, आणि ज्यांचा चुलाच त्या रानावर पेटतो त्यांचा विषय कुणी काढला नव्हता. बोर्डाच्या भाषेवरून आपल्याकडे किती वाद होतात ते सीमाभागात राहणाऱ्याला सांगायला नको. हा प्रश्न मात्र जिवाचा आहे. खानापूर तालुक्यातल्या मराठी गावाच्या तोंडावर धोक्याची सूचना मराठीत हवीच. शिवाय पडणारं झाड आणि त्याखाली माणूस असं ठसठशीत चित्रही हवं, म्हणजे वाचता न येणारीलाही कळेल.

पिंट्यालाही बरंच ऐकावं लागलं. अकेशियाचा पाला लवकर कुजत नाही, त्याचा जाड थर साचतो, आणि फेब्रुवारी ते मे आग लागायला एक बिडी पुरते. गवे, अस्वलं लागवडीची हद्द बघून थांबत नाहीत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बिबट्या थेट बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत आला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हत्ती आणून शोधलं तरी तो हाती लागला नाही. शहरात ही तऱ्हा, तर रानात अंधार पडेपर्यंत कानात इअरफोन घालून सायकल कशी चालवतोस, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा तो गप्प बसला.

शेवटी वनखात्याला अर्ज लिहायचं ठरलं. कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत. कुठल्या तुकड्यात तोडणी कधीपासून कधीपर्यंत आहे ते आधी ग्रामपंचायतीत आणि रानाच्या फाटकावर लावा, तेवढाच तुकडा बंद करा, बाकीच्या वाटा उजेड असेपर्यंत खुल्या ठेवा. काम उरकल्यावर अडकलेली झाडं उतरवून मगच बायकांना फांद्या न्यायला बोलवा. हे शेवटचं वाक्य मावशींनी सांगितलं, आणि अप्पांनी ते सगळ्यात वर घ्यायला लावलं.

पिंट्याला अजून रविवारी सरसकट परवानगी हवी आहे. अप्पा म्हणतात, लाकूड भरायला ट्रक रविवारीही येतात. तेवढा वाद शिल्लक आहे.