‘तेच शिफ बेस, तेच चार जंतू’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

थायाझोलची (गंधक आणि नायट्रोजन असलेल्या कड्याच्या रेणूंची) नवी संयुगं बनवणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांबद्दल मी मागच्या लेखात भरभरून लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. केमिस्ट्रीवाले दरवर्षी पुड्या घेऊन यायचे. तेच शिफ बेस, तेच चार जंतू, तेच मिलिमीटरमधले झोन. गोळी एकही निघाली नाही. आता संगणक रेणू शोधतो, मग हा खटाटोप कशाला?’ तुमच्या तीस वर्षांची दोन ओळींत बोळवण करणं मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. (बाकीच्या वाचकांसाठी: शिफ बेस म्हणजे आल्डिहाइड आणि अमाइन जोडून सहज बनणारं संयुग; झोन म्हणजे औषधाभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ.)

झोनबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. कागदी चकतीवर थेंब टाकायचा, आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, जंतू वाढू न शकलेलं वर्तुळ मोजायचं आणि शेजारच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या वर्तुळाशी त्याची तुलना करायची, यातून फार थोडं कळतं. पाण्याशी न जमणारा रेणू चकतीतच अडकून बसतो. तो कितीही प्रभावी असला तरी झोन लहानच येणार. उलट कमकुवत पण भराभर पसरणारा रेणू मोठं वर्तुळ काढून दाखवतो. एमआयसी काढल्याशिवाय, म्हणजे किती मायक्रोग्रॅमला वाढ थांबते हे पाहिल्याशिवाय, कुठल्याही संयुगाला ‘प्रभावी’ म्हणू नये.

हे मी स्वतः भोगलं आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या एका शिफ बेसचा स्टॅफिलोकॉकस या जंतूवर छान झोन आला. महिनाभराने डीएमएसओ या द्रावकातल्या त्याच द्रावणाची टीएलसी (मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे दाखवणारी चाचणी) लावली, तर प्लेटवर सॅलिसिलाल्डिहाइडचा, म्हणजे ज्यापासून ते बनवलं त्या कच्च्या मालाचा, ठळक ठिपका. शिफ बेसमधला इमाइनचा बंध पाण्याने तुटतो, डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो, दोन्ही गोष्टी मला तोंडपाठ होत्या. जंतूंना माझ्या संयुगाने रोखलं की त्या आल्डिहाइडने, हे मला आजही सांगता येत नाही. तो आकडा मी प्रबंधातून काढून टाकला. ते संयुग ताजं बनवून पुन्हा तपासायला हवं होतं. ते मी केलं नाही, याची खंत आहे.

पण सर, दोष मोजणीचा आहे. रेणू बनवण्याच्या कामाला त्यासाठी निरर्थक ठरवू नका.

आयसोनियाझिड या क्षयावरच्या औषधाचं उदाहरण घ्या. प्रागमध्ये हान्स मायर आणि योझेफ माली यांनी ते १९१२ साली बनवलं, मालीच्या डॉक्टरेटच्या कामाचा भाग म्हणून. क्षयाचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. चाळीस वर्षांनी, १९५२ मध्ये, तेच संयुग क्षयावर विलक्षण चालतं हे जगाला कळलं. आपल्याकडे क्षयरुग्णाला मिळणाऱ्या सुरुवातीच्या औषधांत ते आजही आहे. सल्फानिलामाइड या जंतूंवरच्या औषधाचंही तसंच. पॉल गेल्मोने ते १९०८ साली व्हिएन्नात बनवलं. त्यात औषध आहे हे १९३५ साली उमगलं, तेही वळणावळणाने. बायर या जर्मन कंपनीत क्लारर आणि मीत्श या रसायनशास्त्रज्ञांनी प्रोंटोसिल हा लाल रंग बनवला होता. काचेच्या बशीत तो जंतूंना काहीच करत नव्हता. त्यांचे सहकारी गेरहार्ट डोमाक यांनी तो उंदरांना दिला आणि स्ट्रेप्टोकॉकसने मरायला टेकलेले उंदीर जगले. शरीरात तो रंग फुटून सल्फानिलामाइड मोकळं होतं, हे पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उलगडलं. डोमाक नुसत्या झोनवर विसंबले असते तर प्रोंटोसिल तिथेच कचऱ्यात गेलं असतं.

गोळी का निघत नाही, याचं उत्तर नुसतं ‘आपली विद्यापीठं’ असं देता येणार नाही. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या बड्या औषध कंपनीने नव्या प्रतिजैविकांसाठी १९९५ ते २००१ या काळात लाखो संयुगांवर जवळपास ७० मोठ्या चाचण्या चालवल्या. पुढे नेण्याजोगे धागे हाती आले फक्त ५. क्लेब्सिएलासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह (दुहेरी आवरण असलेल्या) जंतूच्या बाहेरच्या आवरणातून रेणू आत शिरणंच अवघड असतं, आणि शिरलाच तर आतले पंप त्याला बाहेर फेकतात.

आता संगणकाबद्दल. अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने २०२० मध्ये हॅलिसिन हे प्रतिजैविक संगणकाच्या मदतीने शोधलं, ते संगणकाने कोऱ्या कागदावर रेखाटलेलं नव्हतं. मधुमेहासाठी अभ्यासलेला तो जुना, बाटलीत ठेवलेला रेणू होता. संगणकाला शिकवायला २,३३५ संयुगांचे ई. कोलाय या जंतूवरचे निकाल वापरले होते आणि त्यांतली जेमतेम १२० सक्रिय होती. बाकी सगळी तुमच्या भाषेत फुकट गेलेली! पण त्या ‘नाही’शिवाय ‘हो’ कसा ओळखायचा, हे त्या संगणकाला कळलंच नसतं. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते इथे. आमची मुलं एनएमआर काढून (रेणूची रचना तपासून), कॉलम लावून (मिश्रणातून वेगळं करून) शुद्ध संयुगं बनवतात. ज्यांचा झोन येत नाही ती प्रबंधाच्या कोष्टकात एका आडव्या रेषेने दाखवली जातात आणि पुडी दोन वर्षांत कपाटातून नाहीशी होते.

यावर उपाय झालेले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २०१५ मध्ये को-अ‍ॅड हा उपक्रम सुरू केला. जगभरच्या केमिस्टांनी मिलिग्रॅमभर संयुग पाठवायचं, विद्यापीठाने पाच जिवाणू आणि दोन बुरश्यांवर ते विनामूल्य तपासायचं. त्यातून निघालेली एक गोष्ट तुम्हाला रुचेल: निव्वळ सेंद्रिय संयुगांत शंभरात एकही धड लागू पडत नव्हतं, तर ९०६ धातुसंयुगांत हे प्रमाण ९.९ टक्के निघालं. शिफ बेसची तांब्या-जस्ताबरोबरची संयुगं आपल्याकडे किती बनतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक विनंती आहे. यंदा माझ्या दोन विद्यार्थिनींनी अकरा थायाझोल बनवले आहेत. सगळे शुद्ध आहेत, कोरडे करून फ्रीजमध्ये ठेवले आहेत. चकत्या लावायच्या नाहीत असं आम्ही ठरवलंय. ब्रॉथमधली (जंतू वाढवायच्या द्रवातली) एमआयसी आमच्यापैकी कुणीच कधी काढलेली नाही. शहाण्णव खणांच्या प्लेटा मागवल्या आहेत. एखाद्या शनिवारी येऊन मुलींना शिकवाल का? निकाल ‘नाही’ आला तरी अकराच्या अकरा आकडे मी इथे छापेन.